कमळू डाकवाल्याचं पान

"आला का रे नाव?"

"आलाय, आई. पन ऱ्हाईल का नाय, ते म्हाईत नाय."

"म्हंजी?"

"पुरावा मागतात."

"मेल्याचा दाखला हाय ना डब्यात. द्यायचा तो."

"मेल्याचा नाय मागत गो. ह्यो मानूस असा असा व्हता, त्याचा पुरावा मागतात."

धोंडीबाईने डोक्यावरचं भाताचं टोपलं खाली ठेवलं, चुंबळ सोडून त्याच फडक्याने तोंड पुसलं. "मंग त्यांना सांग, मी बायको हाय त्याची. इचारा मला म्हनावा."

"बायकोचा चालत नाय."

"पोराचा?"

"पोराचा तर नायच नाय."

म्हातारी माझ्याकडे वळली. "ऐका नाना. बायकोचा चालत नाय, पोराचा चालत नाय. कमळू कोन व्हता ते आता काय कलेक्टरला इचारायचा?"

मी पोत्यावर बसलो होतो. लाइट गेलेली होती, गिरणी बंद. मी तंबाखू मळत राहिलो.

ही गिरणी डोळखांबच्या रस्त्याला, शाई नदीच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडात. मी नदीपलीकडचा, मुरबाड तालुक्यातला. तिकडे जवळ गिरण्या नाहीत असं नाही, पण सुनिलसारखं भात भरडणारा दुसरा नाही. तांदूळ मोडत नाही त्याच्या हातून. गिरणी मालकाची, सुनिल नुसता चालवणारा. ठाकराचा पोर, दहावीनंतर दोन वर्षं शहापूरला कॉलेजात जाऊन आलेला, आता पस्तिशीचा. अंगावर कोंडा, भुवयांवर कोंडा. आणि लाइट गेली की इतर लोक झोपतात तसा हा फोन काढून लिहायला बसायचा.

काय लिहायचा, तर नेटवरचा ज्ञानकोश. कुणीही लिहू शकतो, कुणीही वाचू शकतो, पैसे नाहीत की पगार नाही. पाड्याचं नाव एकदा त्याने तिथे शोधलं होतं. सापडलं नाही, म्हणून स्वतःच लिहिलं. मग शाई नदी लिहिली. मग शेवळं, कुर्डू, लोत, असल्या रानातल्या भाज्या लिहिल्या. पहिलं लिहिलेलं तिथल्या लोकांनी पुसून टाकलं होतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं त्यांनी. सुनिलने उत्तर दिलं, "मी खातो ना." तेवढं चालत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. छापलेलं लागतं, तेही दुसऱ्या कुणी छापलेलं.

हे त्याला शिकवलं ते पिंपळपान नावाच्या माणसाने. बाई की बाप्या, कुठल्या गावचं, सुनिलला आजवर माहीत नाही. तिथे लोक असली टोपणनावं घेऊन लिहितात. पिंपळपान त्याला 'सुनिलजी' म्हणायचा, चुका दाखवायचा, पुस्तकांची नावं द्यायचा. पोर शिकलं. इतकं शिकलं की एका पुढाऱ्याच्या माणसांनी साहेबांचं पान तयार करून 'विकासपुरुष' वगैरे लिहिलं, तर ह्यानेच ते काढा म्हणून प्रस्ताव टाकला आणि ते निघालं. कार्यकर्ता गिरणीवर आला.

"काय रं, साहेबांचा पान तू काढलास?"

"मी नाय काढला. नियमान निघाला."

"साहेबांना वळखत नाय तुजा नियम?"

"वळखतो. पन बॅनरवरचा लिवलेला धरत नाय."

त्या दिवसापासून त्या घरचं भात दुसऱ्या गिरणीवर जातं. मालक चार दिवस कुरकुरला. सुनिलला मात्र तेव्हा आपण काहीतरी नीट केलं असं वाटलं होतं. नियम सगळ्यांना सारखा, पुढाऱ्यालाही, असं तो मला म्हणाला होता.

आता त्याच्या बापाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

कमळू डाकवाला होता. डाक म्हणजे डमरूसारखंच, पण चांगलं मोठं वाद्य, बसून मांडीशी धरायचं आणि काठीने वाजवायचं. माणूस मेल्यावर त्याचा दिवस घालतात. पावसात मेला तरी भातं घरात आल्यावर घालतात, कारण पाहुण्यांना जेवायला लागतं. त्या दिवशी डाक वाजते आणि मेलेल्याचं गाणं होतं. देवाचं असतंच आधी, पण मग त्या माणसाचं. कुठे जन्मला, कुठलं रान तोडलं, कुणाशी बोलायचा, कशाला हसायचा. ते गाऊन झालं की माणूस वाटेला लागला, असं धरतात.

कमळूची रीत अशी, की दिवस ज्याच्या घरी आहे त्या घराच्या ओट्यावर तो आधी चढायचाच नाही. पाड्यात फिरायचा. शेजारी, सोयरे, भांडलेले, बोलत नसलेले, सगळ्यांकडे बसायचा, चहा प्यायचा आणि विचारायचा, "कसा व्हता?" घरच्यांना नाही विचारायचा. "घरचे रडतात नायतर खोटा बोलतात," म्हणायचा. "लोक खोटा बोलले तरी एकसारखा नाय बोलत. त्यातना खरा कळतो." दोन-चार घरांतून जे जुळेल तेवढंच गाण्यात घ्यायचा. राघो नावाचा दारुडा मेला, तर त्याचं काय गाणार म्हणून लोक हसत होते. कमळू फिरून आला आणि गायला, की राघोने पिऊन बायकोला शिव्या दिल्या, पण दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर कधी काठीने मारलं नाही, हाताने वळवलं. बायको तिथेच हमसून रडली. शिव्यांचंही आलं होतं, म्हणून रडली असेल.

असा हा कमळू भाद्रपदात तापाने वारला. दिवस मार्गशीर्षात धरला. आणि मग प्रश्न पडला, डाक कोण वाजवणार? शिकलेलं कुणी उरलं नव्हतं. पोरं आसनगावला जाऊन गाडी पकडतात, कंपनीत जातात, डाक कोण मांडीवर घेतो. सुनिल स्वतः नाही शिकला. गळा नाही त्याला, आणि बापानेही जबरदस्ती केली नाही.

राहिला तो वाल्मिक. कमळूच्या मागे बसून झील धरणारा, म्हणजे गाणाऱ्याने ओळ सोडली की तीच तीच मागची ओळ पुन्हा म्हणणारा. त्याला आणायला सुनिल गेला.

"मी झील धरनारा, बाबा. पुढचा तो सांगायचा. मला नाय येत."

"जेवडा येतो तेवडा कर, काका."

मी गेलो होतो त्या दिवसाला. ऊन उतरलं होतं. वाल्मिक अंगणात बसला, डाक मांडीशी घेतली, वाजवली. मग झील म्हटली. मग थांबला. कमळूने जेवढा वेळ गायलं असतं तेवढा वेळ नुसती काठी फिरवत राहिला आणि पुन्हा झील म्हटली. पुन्हा थांबला. असं दिवस मावळेपर्यंत. लोक त्या रिकाम्या जागेत मान खाली घालून बसलेले. पोरंसुद्धा उठली नाहीत. सुनिल खांबाला टेकून उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नाही.

त्याच महिन्यात त्याने ज्ञानकोशात बापाचं पान लिहिलं. गाता येत नाही, लिहिता येतं, म्हणून लिहिलं. खाली प्रामाणिकपणे टाकलं की मी यांचा मुलगा आहे. दुसऱ्याच दिवशी पानाच्या डोक्यावर पाटी आली: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, संदर्भ नाहीत, आठवडाभर चर्चा करून पान वगळावे. पाटी लावणारा पिंपळपान.

तर धोंडीबाई टोपलं घेऊन आली ती या आठवड्यात.

ती गेल्यावर सुनिल म्हणाला, "नाना, पुरावा आनतो मी. वनदाव्याला आनला तसा."

हे बाहेरच्याला सांगावं लागेल. पाड्यातल्या लोकांनी रानातल्या जमिनीचे दावे लावले तेव्हा कुणाकडे कागद नव्हता. पण कायद्यातच आहे, की म्हाताऱ्या माणसाचा जबाब हा पुरावा. ग्रामसभेने बसायचं, म्हाताऱ्याने सांगायचं की इथे याचा आजा नाचणी करायचा, ते लिहायचं, अंगठा घ्यायचा, ठराव करायचा. सुनिलनेच लिहिले होते ते जबाब, आणि जमिनी मिळाल्या. म्हाताऱ्या माणसाने पाचांच्या देखत सांगितलेलं खरं मानतात, हे सरकारने त्याला शिकवलेलं. त्याने तेच इथे केलं.

मारुतीच्या देवळापुढे पाडा बसला. आधी सकुबाई बोलली.

"लिव. माज्या नवऱ्याच्या दिवसाला कमळून गायला, तवा मला कळला का नवरा कसा व्हता."

"तवा कळला? संसार कुनासंगती केलास?" कुणीतरी मागून बोललं.

"तू गप रे. तुज्या बायकोला तर तवापन नाय कळायचा."

हसले लोक. मग जगन उठला. जगनचं आणि कमळूचं बांधावरून वर्षानुवर्षं वाकडं. लोकांना वाटलं हा काहीतरी घाण बोलणार.

"माजा त्याचा बोलना नव्हता," जगन म्हणाला. "तरी लिव. माजी पोरगी मुकी व्हती, म्हाईत हाय सगल्यांना. तिच्या दिवसाला लोक म्हनले, हिचा काय गानार, ही कुनाशी बोलली नाय. कमळू माज्या घरी नाय आला. फिरला. कुनी सांगितला त्याला, का ती टाळी वाजवायची आनी बकऱ्या डोंगरावरना खाली यायच्या. गाताना त्यानं डाक थांबवली आनी टाळी वाजवली. तशीच. दोन बारीक, एक मोठी. माज्या गोठ्यात बकऱ्या वरडल्या." तो खाली बसला. "अंगठा कुठं लावू?"

जबाब झाले, ग्रामसभेचा ठराव झाला, शिक्का बसला. सुनिलने सगळ्याचे फोटो काढून चर्चेच्या पानावर चढवले. रेंज नव्हती तर टेकडीवर जाऊन चढवले.

पिंपळपानाचं उत्तर त्याने मला वाचून दाखवलं. "सुनिलजी, सगळे जबाब वाचले. जगन यांचा दोनदा वाचला. पण हे प्रकाशित नाही, वाचकाला पडताळून पाहता येणार नाही. आज हे धरले तर उद्या त्या पुढाऱ्याची माणसेही अंगठे आणतील, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरच्यांशी, गावाशी संबंध नसलेल्या कुणी कुठे छापले असेल तर शोधा. मुदत संपली तरी मी थांबतो."

"सरकारन जमीन दिली ह्याच्यावर," सुनिल म्हणाला. "ह्यांना एक पान देववत नाय."

पण आवाजात जोर नव्हता. पुढाऱ्याची गोष्ट बरोबर लागली होती.

मग त्याला पूजाताई आठवली. कल्याणच्या कॉलेजातली बाई, काही वर्षांमागे पाड्यावर राहून, रेकॉर्डर लावून कमळूची गाणी घेऊन गेलेली. धोंडीबाईच्या हातची नाचणीची भाकरी खाल्लेली. तिने ते नक्की कुठेतरी छापलं असणार. फोन लावला. तिने ओळखलं, कमळू गेल्याचं ऐकून कधी, कसा, ते विचारलं. हो, छापलं आहे म्हणाली, चांगल्या ग्रंथात, आणि पानांचे फोटो पाठवले.

सुनिलने ते गिरणीत, पट्ट्याजवळ उभं राहून पाहिले. मी बाजूलाच होतो. गाणं सगळं होतं. राघोचं होतं. टाळीचं होतं. दोन बारीक, एक मोठी, तेसुद्धा लिहिलेलं. आणि खाली: 'गायक: पुरुष, वय अंदाजे साठ, तालुका शहापूर.'

दोन बोटांनी त्याने ती ओळ मोठी केली. आणखी मोठी केली. मोठी केल्याने त्यात नाव येणार होतं थोडंच.

"वय पन चुकलाय," म्हणाला.

पुन्हा फोन लावला. पूजाताईने समजावून सांगितलं, आमच्याकडे माहिती सांगणाऱ्याचं नाव द्यायचं नसतं, त्याला पुढे कुणाचा त्रास होऊ नये म्हणून तसा नियम आहे.

"बाबांना कुनाचा तरास व्हनार व्हता, ताई?"

टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता.  ताई म्हणाली, मी पत्र देते, ते गायक कमळूच होते म्हणून सहीनिशी लिहून देते.

"पत्र नाय चालायचा, ताई. छापलेला नाय ते." आणि ठेवला फोन. नियम आता त्याच्या तोंडून आपोआप येत होता.

राहिला ऋतिक. हा खर्डीचा, सुनिलचा कॉलेजातला दोस्त, फोनवर बातम्यांचं चॅनल चालवतो, त्याची वेबसाइटही आहे. त्याला कळलं तर तो स्वतः गाडी मारून आला.

"येडा हाय का तू? मला नाय सांगायचा? तू लिव बाबांवर, मी टाकतो. खाली नाव माजा. मंग झाला ना बाहेरच्यान लिवलेला?"

"तुला काय म्हाईत बाबांचा?"

"तू लिवशील ते म्हाईत. आयला, पुढारी रोज येतात माज्याकडं लिवून घेऊन. तू तर बापाचा लिवतोस."

सुनिलने लिहिलं. लाइट गेली होती तेव्हा बसून सबंध लिहिलं. बापाचं बोलणं, चालणं, ओट्यावर न चढणं, सगळं. मला वाचायला दिलं. छान लिहिलं होतं, खोटं एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, "पाठव मग."

तो फोन हातात धरून बसला.

"नाना, ह्यो ओट्यावर चढना झाला," म्हणाला.

"खरा हाय ना सगळा?"

"खरा हाय. पन सांगनारा घरचाच. नाव दुसऱ्याचा लावला म्हनून काय दुसऱ्या घरचा व्हतो?" मग म्हणाला, "बाबा असते तर हे धरला नसता त्यांनी."

मी त्याला खूप सांगू शकलो असतो. जग असंच चालतं वगैरे. सांगितलं नाही. राघोच्या दिवसाला मी होतो, शिव्यांचं गाणं मी ऐकलेलं.

त्याने ते लिहिलेलं पुसलं. मग चर्चेच्या पानावर जाऊन शुद्ध भाषेत लिहिलं: "या व्यक्तीबद्दल स्वतंत्र प्रकाशित संदर्भ मिळत नाहीत. पान वगळावे." खाली सही. पिंपळपानाने त्याखाली एवढंच लिहिलं, "मला वाईट वाटते, सुनिलजी." दुसऱ्या दिवशी पान नव्हतं.

नंतर सुनिलने तिथे दिवसाच्या विधीवर एक पान केलं, पूजाताईच्या ग्रंथाचा संदर्भ देऊन. ते पक्कं आहे, कुणी हात लावत नाही. त्यात डाक आहे, झील आहे, घरच्यांना न विचारण्याची रीत आहे. कमळू नाही. टाळी घालू का म्हणून त्याने मला विचारलं होतं. मी घाल म्हटलं, तर म्हणाला, "टाळी ठेवून बाबांना कसा काढू?" आणि नाही घातली.

धोंडीबाई पुन्हा आली तेव्हाही लाइट गेलेलीच. टोपलं उतरवून तिने पहिलं तेच विचारलं.

"ऱ्हायला का?"

"नाय ऱ्हायला."

"कोनी काढला?"

सुनिल चाळणी झटकत होता. झटकायची थांबवून म्हणाला, "मीच सांगितला काढा म्हनून."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "लाज वाटली काय बापाची?"

"नाय गो." मग त्याने तिला सांगितलं, थांबत थांबत. ऋतिकचं, नाव दुसऱ्याचं लावायचं होतं ते. बाबा घरच्यांचा धरायचे नाय, तुला म्हाईत हाय ना, असं.

"म्हाईत हाय. मला नको सांगू." ती पोत्यावर बसली, माझ्या शेजारी. "घरच्यांना नाय इचारायचा. खरा हाय. लोकांना इचारायचा. पन लोकांनी सांगितल्यावर गायचा तरी. ह्या नेटवाल्यांनी सकुबाईचा ऐकला, जगनचा ऐकला, आनी गायला नाय."

सुनिल पुन्हा चाळणी झटकायला लागला. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चढाला लागली, तिचा आवाज संपेपर्यंत आम्ही ऐकला.

"वाल्मिक येऊन गेला," ती म्हणाली. "दिवस पुरा झाला नाय म्हनतो. त्याला झोप लागत नाय. कुनी पुढचा सांगनारा मिलाला तर परत बसू म्हनतो."

"कोन मिलनार?"

"तेच म्हनला मी त्याला."

वरचा दिवा लागला. पंखा फिरला. सुनिल उठला, हात पँटला पुसले, मोटार चालू केली. पट्टा एकदा फडफडला आणि धरला.

"टोपला दे," तो ओरडून म्हणाला.

धोंडीबाईने टोपलं उचलून दिलं. त्याने भात वर ओतलं, खाली जाऊन नळीशी हात धरला, पहिले दाणे तळव्यावर घेतले, उजेडाकडे करून बघितले. दोन मोडलेले होते. त्याने पाना घेतला आणि दाब कमी व्हावा म्हणून स्क्रू थोडा सैल केला.